काडतुसांच्या टेबलावरचा उजेड

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. हरणांच्या शिकारीचा हंगाम बावीस तारखेला उघडतो आणि कॅम्पवरची सगळी काडतुसं यंदाही मीच भरणार. गेल्या वर्षी मेव्हण्याच्या, म्हणजे व्हर्नच्या, बंदुकीतून नुसतं फुस्स झालं आणि गोळी नळीतच अडकली. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत बारूद टाकायची राहून गेली होती. मी काडतुसं भरतो त्या तळघरातल्या बल्बचा दोष. म्हणून आधी उजेड, मग काडतुसं. यंदा ब्रिटा पहिल्यांदाच शिकारीला येतेय. माझ्या लेकीच्या बंदुकीत दुकानातलं काडतूस जाणार नाही, असं मी आज चर्चमध्ये कॉफी पिताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
छताला ट्यूबलाइट लावल्या. तळघर लख्ख. पण ट्यूब पेटली की बारूद मोजायच्या डिजिटल काट्यावरचे आकडे नाचायला लागतात. काटा रिकामा असला तरी वजन दाखवतो. व्हर्न म्हणाला, दाजी, ट्यूबखाली काटा बिथरतो हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. खात्री करून घेत होतो.

८ नोव्हेंबर, शनिवार
ट्यूब काढल्या. वाकणाऱ्या मानेचा दिवा आणला. उजवीकडे ठेवला तर माझ्याच हाताची सावली, डावीकडे ठेवला तर पुंगळीत गोळी दाबून बसवायच्या प्रेसच्या दांड्याची. मग डोक्याला टॉर्च बांधला. आर्लिस कपडे धुवायला खाली आली आणि झोत तिच्या तोंडावर. म्हणाली, अहो, मी काय हरीण आहे? बायकोला विनोद सुचतात. मला कामं आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार
एलईडीची पट्टी थेट प्रेसच्या आतच चिकटवली. याला म्हणतात डोकं! पण हल्ली एलईडीचा दर्जा साफ घसरलाय. प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. आर्लिसला दाखवलं तर म्हणे दिसत नाही. तिचं लक्षच नसतं. वर म्हणाली, डोळे दाखवून या. दिव्याची तक्रार डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशी नेणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आणखी दिवे आणले. टेबलावर पुंगळ्यांना जागा उरली नाही. फ्यूज उडाला, वॉशिंग मशीन अर्ध्यात बंद. अजून एकही काडतूस झालेलं नाही. व्हर्नने फोन करून विचारलं, दाजी, दुकानातून आणून ठेवू का? मुळीच नको म्हणालो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. वर गेलं की आर्लिस विचारते, झाली का? म्हणून खालीच बसून राहतो. जेवणसुद्धा खालीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ब्रिटा आली. पुंगळ्यांत बारूद टाकून मी भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या केल्या होत्या. गोळी बसवायच्या आधी वरून डोकावून प्रत्येकीतली पातळी बघायची, हा आमच्यातला नियम. मी सगळे दिवे लावून बघितली. सगळ्या सारख्या. ब्रिटाने जाता जाता डोकावलं आणि म्हणाली, बाबा, ही रिकामी आहे. आणि हिच्यात जास्तच झालीय.
रिकामी असली तर फुस्स होतं. जास्त झाली तर बंदूक तोंडावर फुटते. म्हणालो, सावली पडली असेल. तिने त्या दोन पुंगळ्या माझ्यासमोर धरल्या आणि विचारलं, यातली रिकामी कुठली? दिव्याखाली नीट बघून सांगितलं. चुकलं.
भीती वाटली. तिच्याच बंदुकीत गेली असती. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आर्लिसने मोतीबिंदूच्या तपासणीची वेळ परस्पर घेऊन टाकली. यंदा मी कॅम्पवर बंदूक नेणार नाही, स्वयंपाक बघणार. कुणीतरी बघायलाच हवा.
काडतुसं ब्रिटाने भरली. कॅम्पवर सगळ्यांना तुम्हीच भरली म्हणून सांगू, असंही तीच म्हणाली. माझ्या दिव्यांपैकी एकही तिला चालला नाही, कुठून ना कुठून सावली यायचीच. शेवटी मीच हातात टॉर्च घेऊन शेजारी उभा राहिलो. बाबा, जरा डावीकडे. बाबा, आता हलवू नका.
मी अजिबात हलवला नाही.