उलटे धरलेले पाकीट

मी, खाली सही करणारा, निमंत्रणांच्या पाकिटांवर नावे-पत्ते छापण्यात हयात घालवलेला माणूस, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर असून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. डोक्याबद्दल पत्नीचे मत वेगळे आहे.

१. राहते घर पत्नीला. पाहुण्यांदेखत मी भिंतीवरचे कॅलेंडर उलटे टांगून न्याहाळत असे. त्याबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. पुष्कळ शब्दांनी बोलली.

२. संगणक, छपाईयंत्र व दुकानाचा माझा अर्धा भाग मुलीला. तिने ध्यानात ठेवावे: नाव वळणदार फाँटमध्ये आणि पत्ता साध्या फाँटमध्ये असला, की दोन्हींना सारखे अंतर चालत नाही. वळणदार अक्षरांच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसतात, म्हणून नावाखाली जागा वाढवावी. साधा फाँट त्याच मापात थोराड दिसतो, तो जरा लहान करावा. अक्षरे सैल करू नयेत, शिरोरेषा तुटते. शब्दांमध्ये अंतर द्यावे. मग पाकीट उलटे धरावे. वाचता आले नाही की मोकळी जागा तेवढी दिसते.

३. धाकटा भाऊ. आम्ही वेगळे झालो ते या उलट्या पाकिटावरूनच. गिऱ्हाईक ताटकळत होते आणि मी एका नावाखालची जागा केसभर वाढवत होतो, पुन्हा केसभर कमी करत होतो. तो म्हणाला, "दादा, पोस्टमनला पत्ता वाचायचाय, भिंतीवर टांगायचा नाहीये." मी म्हणालो, "तुला डोळे आहेत, नजर नाही." दुसऱ्या दिवशी दुकानात मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली. त्याचा खोकला पलीकडून ऐकू येतो, औषध मी मुलीच्या हातून पाठवतो. माझी गिऱ्हाइके आता त्याच्याकडे जातात. तो काम वेळेवर देतो.

त्याला मी काहीही देत नाही. थोरल्याने डूख धरला, असे लोक म्हणतील. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराला समोर यावे लागते. मला त्याला एकदा समोर बघायचे आहे. फळी ओलांडण्याची माझी छाती नाही, म्हणून ही कायदेशीर पळवाट. तो न आल्यास त्याची जागा कोणी भरू नये. मृत्युपत्र रद्द झाले तरी चालेल.

ठिकाण: दुकान, फळीच्या अलीकडे
दिनांक: दोघे साक्षीदार एकत्र भेटले तो

सही: थोरला पाकीटवाला
साक्षीदार १: शेजारचे बाइंडर
साक्षीदार २: धाकटा पाकीटवाला

ता. क. तो आला. "कुठं करू सही?" एवढेच म्हणाला. मी बोट दाखवले. त्याने आधी कागद उलटा धरला आणि बराच वेळ बघत राहिला. "दादा, तिसऱ्या कलमाखाली जागा कमी पडलीय." खरेच कमी होती. मी पान पुन्हा छापायला घेतले. तो थांबला.