आबांच्या खांद्याला लागलेली घोडी

बारामती, गुरुवार, ८ जानेवारी १९५३

आबांनी बाजारातून आणलेली नवी घोडी आज टांग्याला जुंपली आणि टांगा पुढं झुकला. कऱ्हाटीचा उतारू घसरत घोडीच्या शेपटीपर्यंत गेला. वर चारचौघांत म्हणतो, घोडी बुटकी हाय! मला रागच आला. पण खरं होतं.

आबांची पारख चुकेल कशी? माझ्या जन्माआधीपासून ते टांगा हाकतायत. घोड्याची उंची कधी मोजत नाहीत, शेजारी उभं राहून खांद्याला खांदा लावतात. लागला, की ते आपल्या टांग्याचं. आधीचा घोडा, मेलेला मोत्या, असाच निवडला होता.

संध्याकाळी आबा पुन्हा घोडीला खांदा लावून उभे राहिले. "लागतोय की रं बरोबर!"

लागत होता. पण आबांची मान पुढं, पाठीला बाक. हा बाक आला कधी? रोज मी त्यांच्या शेजारी बसतो, आणि मला दिसला नाही?

"परत न्हेऊ हिला," आबा पडल्या आवाजात म्हणाले. "माझी नजर गेली आता."

"घोडी ब्येस हाय, आबा. टांगाच जुना झालाय. खोगिराखाली गोणपाटाच्या घड्या घालू, म्हंजी दांड्या वर येतील."

आबा टांग्याकडं बघत राहिले. मग चाकावर मायेनं थाप मारली.

"व्हय रं. म्हातारा झालाय बिचारा. आपुनच सांभाळून घेतलं पायजे."