दिवेलागणीची पट्टी

डीमन, १८ जून २००६

प्रिय सुनीती,

कंपनी आणखी पाच वर्षं थांबा म्हणतेय. तू इकडे यायचंस की मी परतायचं, हे नीट लिहून कळवा, फोनवर तुम्ही विषय बदलता, असं तू म्हणालीस. शिवाय तिकडे दहाला मावळतं तर देवापाशी दिवा कधी लावू, जेवणं आटोपल्यावर? मी हसलो. तू हसली नाहीस.

काल इथून जवळच्या लायडन शहरात जपानी वस्तूंचं प्रदर्शन पाहिलं. एका घड्याळापुढे दीड तास उभा होतो. शेवटी राखणदार बाई म्हणाली, वेळच बघायची तर मनगटावर बघा, आम्ही बंद करतोय.

अगं, घड्याळाची कळ इथून, युरोपातून शिकलेली, पण त्या लोकांचा दिवस सूर्याचा. उगवती ते मावळती सहा भाग, रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब, थंडीत आखूड. दुसऱ्या कुणी यंत्र फेकून दिलं असतं. त्यांच्या कारागिरांनी तबकडीवरचे आकडेच सरकते केले! चिमुकल्या पट्ट्या, ऋतू बदलला की बोटाने सरकवायच्या. मी कुणाकडे शिकलो नाही, घड्याळं उघडून नि कॉम्प्युटरची पुस्तकं वाचून इथवर आलो. पण त्या कारागिरापुढे हात जोडावेसे वाटले.

पुढे जपानात अमेरिकेची काळी जहाजं तोफा घेऊन आली. बंद दारं उघडली, तह झाले, आगगाडी आली. आणि १८७३ उजाडलं ते हुकूम घेऊनच: यापुढे सगळे तास सारखे. अख्खा देश सूर्य सोडून काट्यांवर चालू लागला! केवढी ही छाती. आणि त्या पट्ट्या? जिथल्या तिथे थांबल्या.

मला राहवेना. आज जुन्या बाजारातलं घड्याळ उघडलं, चोवीस तासांची तबकडी बसवली, पितळेची पट्टी कापून तिच्यावर ज्योत कोरली. तुझी दिवेलागण. तू आलीस की इथल्या देवापाशी ठेवायचं, पट्टी मी सरकवत जाईन.

तू पाठवलेल्या कॅलेंडरातून सूर्यास्त घेतला, पट्टी बसवली, मागे सरून पाहिलं. ज्योत दुपारी तीन चाळीसवर! बाहेर लख्ख ऊन. माझा हिशेब चुकत नाही, तुला ठाऊक आहे. पुन्हा केला, तेच. मग लक्षात आलं. सूर्यास्त पुण्याचा, सात दहाचा, आणि रोज तुला फोन करताना करतो तसे साडेतीन तास सवयीने वजा केलेले. इथल्या तीन चाळीसला तू तिकडे काडी ओढतेस.

पट्टी मी हलवली नाही. कंपनीच्या कागदावर सही करणार नाही. सप्टेंबरात परत येतो. तोवर रोज तीन चाळीसला ऑफिसात क्षणभर हात थांबवीन. तू दिवा लाव.

तुझाच,
श्रीकांत