समोरून चेहरा

४ जून
आजपासून पेस्टल खडू. शाळा सोडताना आईला सांगितलं होतं, मला चित्रकार व्हायचंय. तिला वाटलं नववीचा कंटाळा आलाय. आता कळेल. नाही जमलं तर जन्मभर मावशीच्या पार्लरमध्ये बायकांची डोकी धुवायची. पण जमणारच.

७ जून
बरीच चित्रं झाली. सगळ्या बायका, पाठमोऱ्या. दादा म्हणाला, सगळ्या रुसल्यात का गं तुझ्यावर? त्याला काय कळतंय. स्टाईल आहे ती. पार्लरमध्ये मी मागेच उभी असते, मानेचा माझा अभ्यास दांडगा आहे. समोरून काढायला गेलं की बाई पण आपल्याकडे बघते. कशाला ते!

९ जून
ड्रॉइंगच्या मॅडम केस रंगवायला आल्या. रविवारी क्लास घेतात. मावशीने परस्पर सांगून टाकलं, आमची पोरगी चित्रं काढते हो. बेसिनमध्ये शिरावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, रविवारी एक चेहरा काढून आण. समोरून. डोळ्यांसकट. चांगला असला तर क्लासमध्ये घेते.
म्हणजे घेतलंच.

१० जून
मावशीला बसवलं. म्हणाली, नाक नीट काढ हो, तेवढं एकच बरं आहे माझं. मी नाकाकडेच बघत राहिले, त्यामुळे ते वाढत गेलं. बोटाने शेडिंग केलं तर नाक गालावर गेलं, गाल कानावर. मावशी म्हणाली, कशाखाली आले गं मी?
चूक कागदाची. गुळगुळीत कागदावर पेस्टल धरत नाही. दुकानदाराने सांगायला नको? सांगत होता बहुतेक, पण तोवर मी दुकानाबाहेर होते.

१२ जून
भारी आयडिया. स्वतःलाच काढायचं! पार्लरच्या आरशासमोर बसले. पण ती आरशातली टक लावून बघते. मलाच लाजायला झालं. शेवटी नजर खाली ठेवून काढलं. डोळ्यांच्या जागी पापण्या आल्या. पापण्या म्हणजे डोळ्यांचाच भाग.

१३ जून
खडूची पूड झडत होती, म्हणून चित्रावर मावशीचा हेअर स्प्रे मारला. फारच जवळून. कपाळभर काळे ठिपके. आई म्हणाली, कांजिण्या. मी म्हटलं, टेक्स्चर.

१५ जून, रविवार
मॅडमनी चित्र बघितलं. मग मला बघितलं. परत चित्र. विचारलं, झोपलीय का ही? मी पायांकडे बघत म्हटलं, मी आहे ती. म्हणाल्या, तू अजिबात हलत नाहीस गं. पुढच्या रविवारी ये. खडू, कागद काही आणू नकोस.
घेतलं! सामानसुद्धा त्यांचंच! मावशीला म्हटलं, डोकी धुवायला दुसरी कुणीतरी बघ.

२२ जून, रविवार, दुपार
मला स्टुलावर बसवलं. मधोमध. बाकी सगळे भोवती, प्रत्येकापुढे बोर्ड. मॅडम म्हणाल्या, आज आपल्याला मॉडेल मिळालीय.
पळून जावं तर दारापर्यंत सगळ्यांच्या समोरून जावं लागणार. बसले. मान खाली. किती वेळ नुसती खडूंची खरखर.
मग म्हटलं, आता लाजण्यासारखं उरलंय काय? एकदा बघूच या. जन्मात पहिल्यांदा मान वर केली आणि सरळ समोर बघितलं.
समोरचा मुलगा ओरडला, मॅडम, ही हलली! माझं सगळं चुकलं!
मॅडम म्हणाल्या, खाली बघ, बाळ.