कोपऱ्यात रुसलेले रोबो

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत, दिवसभर करतेस काय? काडेपेटीएवढे रोबो पाळते. टेबलावर मधोमध दिवा असतो. त्याच्याजवळ जास्त वेळ राहील त्याला जास्त गुण. गुणवानांचे प्रोग्रॅम एकमेकांत मिसळायचे, थोडे मुद्दाम बिघडवायचे, की पुढची पिढी तयार. जिवांना ज्याला लाखो वर्षं लागली ते आम्हाला आठवड्यात बघायला मिळतं.

पण घोडं अडलंय. दिवा सोडून मेले कोपऱ्यात जाऊन गरगरत बसतात, पिढीगणिक जास्तच. मला बघवत नाही, मी उचलून दिव्यापाशी ठेवते. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक बाईंना दाखवायचंय. असंच राहिलं तर प्रकल्प बंद, वर्ष पाण्यात. घास उतरत नाही. आईला सांगू नका.

लोभ आहेच, तो नापासांवरही राहू द्या.
आपली ठकी

७ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आईला सांगितलं नाही. पाकीट तिनेच फोडलं. आता जेवतेस की नाही ते रोज कळव.

सकाळची बसची फेरी संपवून घरी आलो आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. हसू आलं. लहानपणी तू चालताना रस्त्यात फतकल मारायचीस, मी खांद्यावर घ्यायचो. पुढे पुढे तू फाटकातच बसायला लागलीस. आई म्हणायची, पोर दमलेली नाही, तुम्ही लाडावून ठेवलेली आहे.

जिवाला जप.
तुझे बाबा

२० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. कोपऱ्यात गरगरणाऱ्यांना मी आयतं दिव्यापाशी नेत होते. गुण त्यांना, पुढची पिढीही त्यांचीच! लबाडी कुणीच शिकवली नव्हती, माझ्या मायेवर ती आपोआप पोसली गेली.

बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, पिल्लं आईबापांपुढे कांगावा का करतात, हे तपासायला याहून छान काय मिळणार? मग दोन टेबलं मांडली. एकावर मी उचलायचं, दुसऱ्यावर हात खिशात ठेवायचे. दुसऱ्या टेबलावरच्यांनी काही पिढ्यांत कोपरा सोडला आणि सरळ दिवा गाठला. पहिले अजून रुसलेलेच. बाबा, प्रकल्प वर्षभर वाढला! मी दोनदा जेवले, आईला सांगा.

रविवारी येतेय. थांब्यावर उतरले की बॅग घेऊन कोपऱ्यात फतकल मारीन. चालत येणार नाही.

माया कमी करू नका, प्रयोग चालू आहे.
आपली लाडावलेली ठकी