खेकड्याची कोळंबी

सोमवार, ६ जानेवारी
काढणार नाही म्हणजे नाही! मालवणच्या सहलीत कॉलेजच्या मुलांनी खडकातला खेकडा आणला, त्याच डबक्यातली एक कोळंबीही आली. प्राणिशास्त्राच्या संयोगिता मॅडम म्हणतात, कोळंबी वेगळी ठेव, तो फस्त करील. आठ वर्षं या प्रयोगशाळेतल्या टाक्या मी धुतोय. डोळ्यांनी पाहिलंय — ती त्याच्या पाठीवरचा, सांध्यांतला मळ टिपून खाते आणि तो गप्प उभा राहतो. चक्क पाय उचलून देतो!

मॅडम हसल्या. "बावीसला तपासणी समिती येणार. तोवर ती जगली तर टाकीवरच्या कार्डावर तुझं नाव."

लागली पैज.

बुधवार, ८ जानेवारी
हंबीरराव शिपाई कॉलेजभर सांगत सुटलाय. "आरं, टाकी धुणाऱ्याचं नाव कुठं लागत असतंय व्हय?" डोकं सणकलं. वडिलांनी कागलला जन्मभर दुसऱ्यांचेच गोठे धुतले. नाव कुठंच नाही. आता लागेल!

मंगळवार, १४ जानेवारी
कोळंबी ठणठणीत. हंबीररावाला तिळगूळ दिला — मुद्दाम टाकीपाशी उभं करून.

रविवार, १९ जानेवारी
बायको शिवानी रंकाळा तलावावर फिरायला जाऊ म्हणत होती, तिला टाकी दाखवायला नेलं. खेकडा तीन दिवस बोंबलाच्या तुकड्याला शिवलेला नाही. भूकच नाही, मग कोळंबीला कसला धोका? तिचं भलतंच. "आवं, ह्यो आजारी न्हाय न्हवं?" म्हटलं, तू गप्प बस.

मंगळवार, २१ जानेवारी
कार्ड आलं. छापील! 'खेकडा आणि कोळंबी : साफसफाईतली मैत्री. निरीक्षण — प्रसेनजीत कांबळे.' हंबीरराव दोनदा वाचून गेला. "लागलं की रं नाव." आवाज बारीक झाला होता त्याचा.

बुधवार, २२ जानेवारी
सकाळी टाकीत दोन खेकडे! एक म्हणजे टाकलेली कात — म्हणूनच तो खात नव्हता. दुसरा तो स्वतः — नवं अंग लोण्यासारखं मऊ, मेलेला. आणि कोळंबी त्याला कुरतडून खात होती. आम्ही सगळे खेकड्यावरच पाळत ठेवून बसलो होतो.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मेलेला काढ. कात अख्खी आहे, दगडाआड ठेव, जिवंत खेकडाच वाटेल. समितीला काय कळतंय!"

कार्ड काढलं. 'मैत्री' खोडलं. खाली पेनानं लिहिलं : कात टाकून मऊ पडलेला खेकडा कोळंबीनं खाल्ला. परत लावलं.

नाव खोडलं नाही.