लग्नाचे कोलाचे, एका घासाचे

१८ मे, रविवार
ठरलं. पोरीच्या, राडकाच्या, लग्नाचे कोलाचे, म्हणजे आत चीज नाहीतर खसखस भरलेले छोटे गोड पाव, मीच करणार. लग्न १४ जूनला. रिवाजाप्रमाणे आधीच्या शनिवारी, म्हणजे ७ तारखेला, गावात चाळीस घरी डबे गेले पाहिजेत. पोरीने फोनवर सुचवलं, ड्राहोमीरा मावशीला सांगू या का. नाही म्हणजे नाही. ही माझी थोरली मेहुणी. दोन वर्षांपूर्वी माझ्या व्लास्ताला स्मशानात पोचवून आल्यावर जेवणात हिने कोलाचे ठेवले होते. मी एक तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, कोरडे आहेत, माझ्या बायकोच्या हाताची सर नाही. खरं तेच बोललो. तेव्हापासून समोरच्या घरात राहून ती मला ओळख देत नाही. न देवो.
अडतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले, एक अपघात नाही. कणकेचं काय घेऊन बसलात.

१९ मे
पबमध्ये जाहीर करून टाकलं. सगळे एकदम गप्प झाले. मालक ओल्डाने न मागता एक बिअर पुढे केली. लोकांना कौतुक असतं.

२१ मे
व्लास्ताची रेसिपी शोधतोय. लोणच्याची सापडली, स्वेटरच्या विणीची सापडली, कोलाच्यांची नाही. तोंडपाठ असणार. खसखस दळायचं यंत्र मात्र मिळालं, खोक्यात, अजून कागदात गुंडाळलेलं. वस्तू जपावी तर तिनेच. सणाच्या शनिवारी मी ड्यूटीवरून यायचो तेव्हा टेबलावर फडक्याखाली टोपली भरलेली, आणि स्वयंपाकघरात पिठाचा कण नाही. अशी बाई होणे नाही.

२४ मे, शनिवार
पहिली बॅच. यीस्ट उकळत्या दुधात घातलं, जोमाने काम करावं म्हणून. चार तास थांबलो, कणीक ढिम्म. दुकानदाराने जुनं यीस्ट गळ्यात मारलं. तरी भाजले. कोंबड्यांपुढे टाकले, त्यांनी पाहिलं आणि निघून गेल्या. कोंबड्यांना काय कळतंय.

२९ मे
दुसरी बॅच. फुगली! जरा जास्तच. लग्नाचा कोलाच एका घासात मावला पाहिजे, नाहीतर गाव हसतं. माझे बशीएवढे झाले. लोकांनी तोंड मोठं करावं. आतलं चीज ट्रेभर वाहिलं. खसखस न दळता घातली (यंत्र नवंकोरं आहे, खराब कशाला करा), ती दातांत अडकली. पण रंग उत्तम आला, एका बाजूने.
समोरच्या खिडकीत ड्राहोमीरा उभी होती. मीही मुद्दाम खिडकीत जाऊन एक आख्खा खाल्ला, हसऱ्या चेहऱ्याने. पाणी नंतर प्यालो.

२ जून
उद्यापासून रोज पहाटे पाचला सराव.

३ जून
गुडघा दुखत होता.

५ जून, गुरुवार
राडका ब्रनोहून आली. तिसरी बॅच ओव्हनमधून काढतच होतो. तिने एक उचलला, टेबलावर आपटून पाहिला आणि खाली बसली. परवा चाळीस घरी हे द्यायचे का, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आईची रेसिपी मिळाली असती तर प्रश्नच नव्हता, कुठे लपवून गेली देव जाणे.
"बाबा, आईने कोलाचे कधी केलेच नाहीत. मावशी करायची. तुम्ही ड्यूटीवर असताना मागच्या दाराने टोपली आणून द्यायची."
मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस.
"पहिल्या वर्षी केले होते आईने. तुम्ही म्हणालात, रुळांखालची खडी यापेक्षा मऊ असते. मग तिने कणकेला हात लावला नाही."
असं बोलल्याचं मला आठवत नाही. वाक्य मात्र माझंच वाटतं.
म्हणजे एकतीस वर्षं बायकोचे म्हणून मिटक्या मारत खाल्ले ते, आणि तिला पोचवून आल्यावर कोरडे म्हणून बाजूला सारले ते, एकाच हातचे. रडू आलं. लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे.

६ जून, शुक्रवार
सकाळी समोर गेलो. फाटकापाशी दहा मिनिटं उभा होतो. घाबरलो म्हणून नव्हे, कडी घट्ट होती. आत चार बायका पिठाने माखलेल्या, आणि टेबलावर शेकडो कोलाचे, एकेक अक्रोडाएवढा. कोणी सांगितलं नव्हतं, तरी हिची तयारी सुरू होती. मी पाठ केलेलं भाषण विसरलो. एवढंच म्हणता आलं की त्या दिवशी कोरडे नव्हते, माझ्याच घशाखाली काही उतरत नव्हतं.
"ते मला तेव्हाच कळलं होतं," ड्राहोमीरा म्हणाली. "हात धू."
वाटलं कणीक देईल. पुठ्ठ्याचे डबे दुमडायला बसवलं. चाळीसच्या चाळीस चौकोनी झाले, कोणी दखल घेतली नाही.

७ जून, शनिवार
राडका आणि मी डबे घेऊन निघालो. दारात डबा दिला की घरचे विचारतात, कोणी केले? पबमध्ये बढाई मारून बसलेलो. पहिल्या घरी जीभ चळलीच होती, पण मान ताठ ठेवून सांगितलं, ड्राहोमीराने. बाराव्या घरी स्कोपालोवा आजी, नव्वदीच्या. त्यांना सांगितलं तर हसल्या.
"ते काय विचारायचं? नेहमी तीच करते. व्लास्ताचेही तीच करायची."
मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक. म्हणाल्या, सगळ्या गावाला ठाऊक आहे, बोहुमीर. तुला कळू द्यायचं नाही म्हणून व्लास्ताने आम्हाला शपथ घातली होती.
तिथेच पायरीवर जरा बसलो. गुडघा. मग उठलो. अजून अठ्ठावीस घरं बाकी होती, आणि प्रत्येक दारात विचारणार होते, कोणी केले.